नंबर कुठून मिळाला?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक निवृत्त शिक्षक आले. रोजचे वाचक. त्या दिवशी मात्र पेपर समोर घेऊन नुसते बसून राहिले. ग्रंथपाल बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा ते बोलले. घरचा फ्रीज बंद पडला होता. काकांनी फोनवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर आला तो लावला. पलीकडचा माणूस अदबीने, स्वच्छ मराठीत बोलत होता. तक्रार नोंदवायची म्हणून त्याने एक ॲप घ्यायला लावलं, मग नोंदणीचे दहा रुपये भरायला सांगितले. त्या ॲपमुळे काकांच्या फोनचा स्क्रीन त्याला जसाच्या तसा दिसत होता. खात्यातून 46 हजार गेले.

"मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही हो," काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते खरंच होतं. सांगायची वेळच आली नाही. त्याने तो परस्पर वाचला.

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गेली कित्येक वर्षं आपण लोकांना एवढंच शिकवत आलो: ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका. बँकेच्या भिंतीवर तेच आणि फोनच्या रिंगच्या आधीही तेच. काकांनी ती सूचना अक्षरशः पाळली होती. त्यांची वाट चुकली ती त्याच्या कितीतरी आधी, नंबर शोधताना. शोधात सगळ्यात वर येणारी ओळ बऱ्याचदा पैसे देऊन तिथे बसवलेली असते आणि 'प्रायोजित' हा शब्द शेजारी बारीक अक्षरांत असतो, हे त्यांना कोणी कधी दाखवलं नव्हतं. नकाशावर दिसणारा नंबरही बदलता येतो. 2018 मध्ये बँक शाखांच्या नकाशावरच्या नोंदीत ठगांनी आपले नंबर घातल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. लोक आपण होऊन फोन करत होते, आणि आपण स्वतः लावलेल्या नंबरवर कोणीही जरा जास्तच विश्वास ठेवतो.

माहिती शोधायला शिकवणं वेगळं आणि सुरक्षित राहायला शिकवणं वेगळं, असं म्हणूनच मला वाटत नाही. तो एकच धडा आहे आणि तो वाचनालयात शिकवला गेला पाहिजे.

आमच्या बाईंनी तो सुरूही केलाय. शनिवारी तीन ते साडेचार, मासिकांच्या टेबलाभोवती सहा-सात खुर्च्या. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. शिकवताना त्या स्वतःचे हात मागे बांधून उभ्या राहतात. फोन ज्याचा, बोट त्याचंच चालणार. घरी नेमकं उलट होतं. आई काही विचारायला गेली की मुलगा "दे इकडे" म्हणत फोन ओढून घेतो आणि अर्ध्या मिनिटात काम करून परत देतो. काम होतं, आई मात्र होती तिथेच राहते. पुढच्या वेळी विचारायलाही तिला संकोच वाटतो आणि ती एकटीच धडपडत बसते. ठगाला अशीच एकटी माणसं हवी असतात.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली तेव्हा टेबलाभोवती उभं राहायला जागा नव्हती. खोट्या साइटही लगोलग निघाल्या. एका मावशींनी फोन पुढे केला: "बाई, इथं तर महाराष्ट्र लिहिलंय की." लिहिलेलं होतं, पण सुरुवातीला. बाईंनी त्यांना पाकिटावरच्या पत्त्याची आठवण करून दिली. वर नाव कितीही मोठं असो, टपाल जातं ते खाली लिहिलेल्या तालुक्या-जिल्ह्याला. साइटचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन जोड रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे असतं, ते त्याचं खरं गाव. सरकारी साइट असेल तर तिथे 'डॉट गव्ह डॉट इन' हवं. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव शेवट ठरवून दिला आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे जायला सांगितलं. पोस्टाचा पत्ता लिहिण्यात हयात गेलेल्या पिढीला हे एकदा सांगितलं की पुरतं. मावशींनी त्याच दुपारी आणखी दोघींना ते समजावून सांगितलं.

त्याच टेबलावर एका शेतकऱ्याने डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत स्वतः काढला. आजवर तो त्यासाठी एजंटला शंभर मोजत होता. धोक्यांच्या सूचना देत बसण्यापेक्षा माणसाला त्याच्या गरजेची गोष्ट शोधून काढू द्यावी. त्या ओघात पत्ता तपासायची सवय आपोआप लागते. फक्त भीती घातली तर तो फोनच बाजूला ठेवतो आणि पुन्हा एजंटच्या दारात जातो.

नुकसान नेहमी पैशांचंच होतं असंही नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. मुलं पळवण्याच्या अफवेसोबत त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली होती. मूल परत आणून सोडण्याचा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण एखादं चित्र मुळात कुठून आलं हे चित्रावरूनच शोधता येतं, ही साधी युक्ती किती गावांत कुणी बसून शिकवली? आमच्या वाचनालयात येणाऱ्या नववीच्या मुलींना ती दहा मिनिटांत आली.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ग्रामीण भागासाठी 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं. घरटी एका माणसाला 20 तासांचं शिक्षण देऊन सहा कोटी घरांपर्यंत पोचायचं होतं. मार्च 2024 मध्ये ते संपलं. पण त्यात वयाची अट 14 ते 60 होती. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत. निवृत्तीचे पैसे ज्यांच्या खात्यात असतात आणि 'डिजिटल अटक' म्हणून ज्यांना तासन् तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं जातं, त्यांना वर्गाच्या बाहेरच ठेवलं गेलं. शिवाय फसवणुकीची तऱ्हा दर हंगामाला बदलते. कधी रात्री साडेनऊला वीज तोडण्याचा मेसेज येतो, कधी लग्नपत्रिकेच्या नावाने फाइल येते. 20 तास शिकवून त्यावर पडदा टाकता येत नाही. त्यासाठी गावात कायमची जागा हवी आणि तिथे ओळखीचं माणूस हवं.

ती जागा आपल्याकडे आहे. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये केला. त्याखाली अनुदान मिळणारी वाचनालयं हजारोंनी आहेत, अगदी लहान गावांतसुद्धा. वाचकाचा वेळ वाचवा, हा नियम एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्येच ग्रंथपालांना घालून दिला. हवं ते नेमकं कुठे आणि खात्रीचं मिळेल, हे वाचकाला दाखवणं हीच तर त्यांची विद्या. पण 2022 च्या वाढीनंतर 'ड' वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान झालं वर्षाला 48 हजार. महिन्याला चार हजार. पगार, पुस्तकं, वीजबिल सगळं त्यातच. आमच्या बाई शनिवारचा वर्ग स्वतःच्या फोनच्या डेटावर घेतात. याची मला लाज वाटते. ग्रंथालय संचालनालयाने हा वर्ग अनुदानाच्या नियमांत घालावा. त्यासाठी वेगळे पैसे, इंटरनेट आणि ग्रंथपालाला मानधन द्यावं. आधी कामाची अपेक्षा आणि पैसे मागाहून, असं मात्र होऊ नये.

काका त्या शनिवारी आले तेव्हा फसवणूक होऊन तीन दिवस झाले होते. घरी त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सूनबाई काय म्हणेल ही धास्ती. बाईंनी तिथूनच 1930 लावला, तक्रार लिहून घेतली. त्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येतं. तीन दिवसांत पैसे पुढच्या खात्यांत जाऊन काढलेही गेलेले असतात. एक रुपयाही परत आला नाही. पहिल्या तासात त्यांना कोणालातरी सांगावंसं वाटलं असतं तर, हे मनातून जात नाही.

काका आता दर शनिवारी येतात. शिकतात आणि नव्याने आलेल्याच्या शेजारी बसतात. परवा एक गृहस्थ गॅस एजन्सीला फोन लावत होते. काकांनी त्यांच्या हाताला हात लावून थांबवलं आणि विचारलं, "हा नंबर कुठून मिळाला तुम्हाला?" गृहस्थांनी खिशातून गॅसचं पासबुक काढलं आणि मागच्या पानावर छापलेला नंबर दाखवला. काकांनी तो एकेक आकडा बोट ठेवून फोनवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "लावा."