दोन बांध्यांचा एकत्र हिशेब

ज्या शेतकऱ्याची एक बांधी तलावाच्या पाण्याखाली व दुसरी केवळ पावसाच्या भरवशावर आहे, त्याचे धान एकाच वर्षी दोन्हीकडे बुडण्याचा संभव किती? कर्ज किती उचलावे व घरी किती धान राखावे, हे या उत्तरावर ठरते. आणि तेच उत्तर पुष्कळदा चुकीच्या रीतीने काढले जाते.

समजा, तलावाखालील बांधी दहांपैकी आठ वर्षे साधते व कोरडवाहू बांधी पाच. या दोहोंची सरासरी साडेसहा काढून भागत नाही. दोन्ही बांध्या एकदम केव्हा जातात, याविषयी ती काहीच सांगत नाही. संभाव्यतेचे दोन तक्ते एकत्र करण्याची पुस्तकी रीत गुणाकाराची आहे. तीनुसार शंभर वर्षांत दोन्ही साधणारी वर्षे ४०, एकच साधणारी ५० व दोन्ही बुडणारी १० निघतात.

गणित अचूक आहे. परंतु त्याच्या पोटात एक अट आहे. एका बांधीचे दैव दुसरीच्या दैवाशी निगडित नसावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ही अट टिकणे कठीण. माजी मालगुजारी तलाव काय किंवा बोडी काय, पाऊस साठविते, पाडीत नाही. ज्या वर्षी तलाव भरत नाही, त्या वर्षी कोरडी बांधी बहुधा आधीच गेलेली असते. तलावाची बुडती वर्षे कोरडवाहूच्या बुडत्या वर्षांतच पडली, तर दोन्ही साधणारी वर्षे ५०, एक साधणारी ३० व दोन्ही बुडणारी २० होतात. सरासरी उत्पन्न दोन्ही हिशेबांत सारखेच येते, म्हणून चूक नजरेस येत नाही. संपूर्ण नापिकीची वर्षे मात्र दुप्पट झालेली असतात.

ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राचे उदाहरण या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. यंत्रातील बिघाड प्रत्येक संचाचा निराळा असतो, पाणी मात्र सर्वांना इरई धरणाचेच. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातील साठा खालावला तेव्हा संच बंद ठेवावे लागले. संच अनेक होते, एवढ्याने निभावले नाही.

उतेरा पद्धतीने घेतलेली लाखोळी हे निराळे साधन, असे कोणी म्हणेल. पण तीही धानाच्या बांधीत उरलेल्या ओलीवरच वाढते. मोहफुले व तेंदूपाने यांची गोष्ट वेगळी. त्यांना भय अवकाळी पावसाचे व गारपिटीचे. तेथे गुणाकार सत्याच्या अधिक जवळ जातो.

याकरिता गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोन बांध्यांची नोंद दोन कागदांवर ठेवू नये. एका ओळीत वर्ष लिहून त्यापुढे दोन्हींचे उत्पन्न मांडावे आणि दोन्ही बुडालेल्या ओळी सरळ मोजाव्यात. गुणाकाराची गरजच उरत नाही. जुनी नोंद नसेल तर वडीलधाऱ्यांना तलाव कोणत्या वर्षी भरला नाही हे विचारावे, आणि लगेच, त्या वर्षी कोरडी बांधी पिकली होती काय, हेही विचारावे.