वडिलांचा ओटीपी वडिलांच्याच खिशात असू द्या

आज पिकाचं नाही, मोबाइलचं लिहितोय. पण शेवटी ते पिकावरच येतं.

किती तरी सातबाऱ्यांवर नाव सत्तरी-ऐंशीतल्या माणसाचं असतं आणि त्यांच्या आधारला जोडलेला नंबर असतो पुण्यात हडपसरला नाहीतर कोथरूडला नोकरी करणाऱ्या पोराच्या खिशात. वडील गावात सेवा केंद्रावर रांगेत, ओटीपी पुण्यात, पोरगं मीटिंगमध्ये. ते फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. म्हातारा माणूस हात हलवत घरी. मला हे पटत नाही.

पूर्वी तलाठी भाऊसाहेब गाव नमुना १२ ला पीक लिहायचे. बऱ्याचदा बांधावर न येताच लिहायचे, म्हणून ऊस मोडून तीन वर्षं झाली तरी कागदावर ऊसच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, आपली नोंद आपण करायची. पद्धत म्हणून मला ती चांगलीच वाटते. (आमची मांजरी त्याच वर्षी जूनमध्ये पुणे महापालिकेत गेली. माणसं शहरवासी झाली, शेताचा सातबारा मात्र सातबाराच राहिला.)

नोंद राहिली तर काय होतं ते २०२४ ला दिसलं. आदल्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये जाहीर केले, दोन हेक्टरपर्यंत. यादी निघाली ई-पीक पाहणीवरून. सोयाबीन शेतात उभं होतं पण मोबाइलात नव्हतं, त्यांची नावं यादीतच नाहीत. ओरड झाली तेव्हा सातबाऱ्यावरची नोंद धरायची सवलत मिळाली. दर वेळी अशी सवलत मिळेलच असं धरून चालू नका.

आमचे अण्णा ७९ वर्षांचे, चौथी शिकलेले. त्यांना या नव्या पद्धतीवर आणताना मी एक पाळलं. नवा फोन आणि नवं ॲप एकाच वेळी हातात दिलं नाही. आधी महिना-दीड महिना नुसता फोन. कॉल घ्या, भजन ऐका, नातवंडांचे फोटो बघा. बोट किती जोरात टेकवायचं हे कळायलाच आठ दिवस गेले. अक्षर मोठं करून दिलं, भाषा मराठी केली. मग पेरणीनंतर थेट शेतात. घरात बसून शिकवण्यात अर्थ नाही, कारण फोटो गटात उभं राहूनच काढायचा असतो. पहिल्या गटाला तासभर लागला. अण्णा वैतागले, "तलाठ्याला चहा पाजला की काम व्हायचं, ह्याला काय पाजायचं रे?" तरी फोन मी हातात घेतला नाही. मी सांगायचं, बटण त्यांनी दाबायचं. गट नंबर आणि खाते नंबर त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलेत, ती वही फोनच्या कव्हरपेक्षा महत्त्वाची. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण कुठल्या तुकड्यात किती वाफे मेथी आणि किती कोथिंबीर हे तिलाच पाठ. क्षेत्र भरताना अण्णा तिलाच विचारतात.

आता गावाची यादी उघडून आपलं नाव हिरवं झालं का ते अण्णा स्वतः बघतात. शेजाऱ्याचंही बघतात, ते वेगळं.

बोटांच्या ठशांचं एक सांगतो. विळा, खुरपं, उसाचं पाचट यांनी जुन्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा घासून गेल्यात, मशीन ठसा घेत नाही. पीएम किसानच्या ई-केवायसीला जून २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. अंगठा टेकवून टेकवून माणूस हैराण करण्यापेक्षा ती वापरा.

पोरं म्हणतात, फोन वडिलांकडं ठेवला तर कुणीतरी फसवील. भीती खोटी नाही. पीएम किसानच्या नावानं एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात, दाबलं की खातं साफ. पण ज्याला ओटीपी कशासाठी येतो हेच कधी कळू दिलं नाही, तोच तो फोनवर सांगून टाकतो. मोठी रक्कम हवी तर मोबाइलला न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात ठेवा, आधारचा नंबर मात्र त्यांचाच ठेवा. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतोय, तोही आधारवरच उभा आहे.

कृषी विभागातल्या मित्रांना एक विनंती. सभागृहात पडद्यावर ॲप दाखवता तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ना दिसतं, ना ऐकू येतं. तो मान हलवतो आणि चहा पिऊन घरी जातो. त्यापेक्षा पाच-सहा जणांना घेऊन एका बांधावर चला, प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या हातात. एका गावाला एक सकाळ पुरते.

आणि पुण्यातल्या पोरांनो, आधारला वडिलांचा नंबर लावायला त्यांना स्वतःला केंद्रावर घेऊन जा. दिवाळीला येणार असाल तर कामाचा एक दिवस धरून या, सुटीच्या दिवशी केंद्राला कुलूप असतं.