परवान्याबाहेरचा हात

उमर्टी या नावाची दोन गावे आहेत. एक जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, दुसरे अनेर नदीपलीकडे मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात. त्या पलीकडच्या गावात घडणाऱ्या गावठी कट्ट्यांची झळ खानदेशास अनेक वर्षे लागत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रविक्रेत्याच्या मागावर तेथे गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला होऊन एका शिपायाचे अपहरण झाले. तो पुढे सुटला, हे सुदैव. परंतु भुसावळात २०१९ च्या ऑक्टोबरात नगरसेवकासह पाच जणांचा बळी गेला, २०२४ च्या फेब्रुवारीत चाळीसगावात एका माजी नगरसेवकावर गोळ्या झाडल्या गेल्या व ते दगावले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात भुसावळात पुन्हा दोघांची हत्या झाली. त्या त्या गुन्ह्यातील शस्त्र कोठले, याचा निवाडा न्यायालय करील. ते इतक्या सहज हाती का येते आणि हात इतक्या सहज का उठतो, याचा निवाडा मात्र समाजानेच केला पाहिजे.

कायदा याबाबतीत मुका नाही. शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवाना मागणाऱ्यास मानसिक व शारीरिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला द्यावा लागतो आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. तत्त्व उत्तम आहे. दोष इतकाच की, ही चाळणी राजमार्गाने येणाऱ्यासाठी आहे. सेंधवा-शिरपूरच्या वाटेने कमरेला कट्टा खोचून धुळ्यास येणाऱ्या पोरास दाखला कोण विचारणार? ज्याच्या मनाची परीक्षा सर्वांत अगत्याची, तोच परीक्षेबाहेर राहतो!

छापे हवेतच, बेकायदा शस्त्रनिर्मितीस २०१९ च्या दुरुस्तीने सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली, तेही योग्यच. पण भट्टी विझवल्याने सूड विझत नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मनोरुग्ण म्हणजे खुनी नव्हे. बहुतेक मनोरुग्णांच्या हातून कोणासही इजा होत नाही. आम्ही बोलतो आहोत ते अनावर संताप, दारू, बेकारीतले वैफल्य आणि टोळीत मिळणारी खोटी प्रतिष्ठा यांविषयी. यांवर वेळीच उपाय होऊ शकतो. तो करणारा माणूस मात्र जवळ असावा लागतो. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे. खानदेशाच्या वाट्यास त्यांतील एकही नाही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, पण तो किती घरांत ठाऊक आहे?

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांनी तालुक्याच्या गावी नियमित समुपदेशन सुरू करावे. कट्ट्यासह छायाचित्र मोबाईलवर मिरवणारा पोर पोलिसांच्या हाती लागला की, खटल्याबरोबरच त्याची गाठ समुपदेशकाशीही घालून द्यावी. शाळा-महाविद्यालयांतून शस्त्रशिक्षण द्यावे. नेम धरण्याचे नव्हे, तर परिणामांचे. विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन वर्षांची कैद आहे आणि ओबडधोबड नळी कधी कधी झाडणाऱ्याच्याच हातात फुटते, हे पोरांना निकालपत्रातून नव्हे, वर्गात कळू द्या.

सीमेवरची नाकेबंदी पोलीस करतील. मनाच्या वेशीवरचा पहारा शिक्षक, डॉक्टर आणि आईबाप यांनाच करावा लागेल. आणि तो पहिली गोळी सुटण्यापूर्वी!