विचारायला काय जातं?

परवा मी आणि माझा रूममेट एका कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनला गेलो होतो. तिथे एक मुलगी वंडर वुमन होऊन आली होती. मुकुट, ढाल, सगळं घरी बनवलेलं, आणि काय झकास बनवलेलं! आमच्या साहेबांनी फोन माझ्या हातात कोंबला, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि खुशाल कमरेभोवती हात टाकला. ती अर्धं पाऊल बाजूला सरकली. हा पण अर्धं पाऊल सरकला. आणि मी? मी क्लिक केलं. एक नाही, दोन फोटो काढले, कारण पहिला हलला होता.

येताना लोकलमध्ये विषय काढला तर म्हणतो, "अरे, ती फोटो काढून घ्यायलाच आली होती ना? मग?"

या "मग?"चंच उत्तर आज द्यायचंय.

बाबा रे, ती फोटो काढून घ्यायला आली होती, हात टाकून घ्यायला नाही. आपण इंजिनिअर ना? रीड ॲक्सेस दिला की कोणी राईट ॲक्सेस गृहीत धरतं का? न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये चक्क बोर्ड लावले होते: वेशभूषा म्हणजे संमती नव्हे. एवढी साधी गोष्ट बोर्डावर लिहावी लागते, यातच सगळं आलं.

आता काही जण म्हणतील, हे सगळं हल्लीचं फॅड आहे, पूर्वी असं काही नव्हतं. होतं की! १९६२ च्या शिकागो वर्ल्डकॉनसाठी आयोजकांनी आधीच्या वर्षी आयझॅक असिमॉव्हना पत्र लिहिलं होतं, की बायकांना मागून चिमटे काढण्यावर एक गमतीचं भाषण द्या. म्हणजे सवय सगळ्यांना माहीत होती, आणि तिचाच कार्यक्रम करायचा होता! २००६ मध्ये तर ह्यूगो पुरस्कारांच्या मंचावर, भरल्या सभागृहासमोर, हार्लन एलिसन यांनी लेखिका कॉनी विलिस यांच्या छातीला हात लावला. मी दोघांच्याही कथा आवडीने वाचल्यात. पण म्हणून काय झालं? चांगलं लिहिण्याबद्दल वाचक मिळतात, दुसऱ्याच्या अंगावर हक्क मिळत नाही.

मग नियम करा, असं कोणी म्हणेल. तेही करून झालंय. अमेरिकेतल्या रीडरकॉनचा नियम अगदी स्पष्ट होता: छळ केला की कायमची बंदी. २०१२ मध्ये तक्रार आली ती फॅन मंडळींत वजन असलेल्या एका माणसाबद्दल. संचालक मंडळाने त्याला दोन वर्षांचीच बंदी घातली. का, तर त्याला पश्चात्ताप झालाय! लोक इतके खवळले की अख्ख्या मंडळाला राजीनामा द्यावा लागला आणि बंदी कायमची झाली. नियम कागदावर होताच. 'आपला माणूस' समोर आल्यावर तो वाकला, एवढंच.

शेवटचा बचाव माझ्या रूममेटचा: "मला मुलींशी बोलायची सवय नाही यार." हे मात्र मला अजिबात पटत नाही. हाच प्राणी मॅनेजरच्या केबिनमध्ये दोनदा टकटक करून शिरतो. तिथे कोणाच्या किती जवळ उभं राहायचं हे त्याला बरोबर कळतं. समोरच्याने झापलं तर महागात पडेल, हे तिथे माहीत असतं. कन्व्हेन्शनमध्ये ती भीती नाही, कारण गर्दीत ती बिचारी काय बोलणार?

आणि आम्ही बाकीचे काय करतो? फोटो काढतो.

दुसऱ्या फोटोत ती हसत नाहीये. क्लिक करायच्या आधी ते मला स्क्रीनवर दिसलं होतं. तरी मी बटण दाबलं. त्यामुळे हे सगळं रूममेटला जेवढं, तेवढंच मलाही.

असो. यापुढे फोन माझ्या हातात देणार असाल तर आधी तिला विचारून या. फोटोबद्दल एकदा आणि हाताबद्दल वेगळं. ती नाही म्हणाली तर "ओके, कॉस्च्युम मस्त आहे" म्हणून पुढे चला. नाहीतर माझ्याकडून फोटो निघणार नाही.