बटू नवताऱ्याच्या उद्रेकाची ओळख

बटू नवतारा ही एक जोडताऱ्यांची व्यवस्था असते. तीत श्वेत बटू आपल्या थंड जोडीदाराचा वायू ओढून घेतो व तो वायू त्याच्याभोवती चकतीच्या रूपाने साचतो. चकती अस्थिर होऊन तापली की तारा एक-दोन दिवसांत कित्येक प्रतींनी उजळतो. नेहमीच्या नवताऱ्यात श्वेत बटूच्या पृष्ठभागावर अणुकेंद्रीय स्फोट होतो. येथे उजळते ती केवळ चकती, म्हणून उद्रेक पुन्हापुन्हा होतात. या प्रकारातील पहिला तारा, मिथुनेतील यू जेमिनोरम, जॉन रसेल हाइंड यांना डिसेंबर १८५५ मध्ये आढळला. त्याचा पुढचा उद्रेक १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी पाहिला. हेच पॉगसन १८६१ पासून मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते.

ओळख पटवण्याची पद्धत

झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीसारखी आकाश सर्वेक्षणे नव्या प्रतिमेतून जुनी वजा करून बदल टिपतात. त्या जागी पूर्वी मंद निळसर तारा असेल, जुन्या नोंदींत आधीचे उद्रेक सापडत असतील, तर बटू नवताऱ्याचा संशय बळावतो. निर्णय मात्र वर्णपटाचा. उद्रेकात निळा अखंड वर्णपट व हायड्रोजनच्या रुंद शोषणरेषा दिसतात. शांत अवस्थेत त्याच जागी उत्सर्जनरेषा असतात. चकती कडेने दिसत असल्यास त्या दुशिंगी होतात, कारण चकतीची एक बाजू आपल्याकडे येते व दुसरी दूर जाते. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपासच राहते. दूरच्या दीर्घिकेतील अतिनवताऱ्याच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या असतात. उद्रेक चढत असताना घेतलेला वर्णपट जवळजवळ रेषाहीन असू शकतो व कोवळ्या अतिनवताऱ्याशी गल्लत होते. अशा वेळी काही दिवसांनी दुसरा वर्णपट घ्यावा लागतो.

अडचण येथेच आहे. चिलीतील रूबिन वेधशाळेकडून रात्रीला सुमारे १ कोटीपर्यंत सूचना अपेक्षित आहेत. त्यांपैकी प्रत्येकीचा वर्णपट घेणे अशक्य आहे. महाराष्ट्रात आयुकाची गिरवली येथील २ मीटरची दुर्बीण हे काम करू शकते. आयआयटी मुंबई व भारतीय खगोलभौतिकी संस्थेची हानले (लडाख) येथील ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण तेजस्वितेचा पाठपुरावा करते.

खानदेशातून निरीक्षण

जळगाव व धुळे २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत आणि यू जेमिनोरमची क्रांती उत्तर २२ अंश आहे. त्यामुळे जानेवारीच्या मध्यरात्री हा तारा तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. तो सूर्याजवळ असल्याने दिसत नाही ते दिवस जुलैचे, म्हणजे पावसाळ्याचेच. ढगांमुळे फारसे काही बुडत नाही. हंस तारकासमूहातील एसएस सिग्नी मात्र ऑगस्टच्या मध्यरात्री सर्वांत उंच असतो व ऐन मोसमात ढगांआड जातो. शांत अवस्थेत यू जेमिनोरम १४व्या प्रतीचा असतो, उद्रेकात ९व्या प्रतीपर्यंत चढतो आणि लहान दुर्बिणीच्या आवाक्यात येतो. रूबिनच्या नेहमीच्या प्रतिमांत इतका तेजस्वी तारा मोजता येत नाही, त्यामुळे अशा उद्रेकांची सुरुवात टिपण्यासाठी लहान दुर्बिणींच्या नोंदी अजूनही लागतात.