आधी चारा, मग शेळ्या

पावसाळ्यात धबधबा पाहायला आणि कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला गर्दी लोटते. त्या दिवसांत बालाघाटाचा हा डोंगर हिरवा असतो. खरा डोंगर पाहायचा तर फाल्गुन-चैत्रात पाहावा. तेव्हा उतारावर उठून दिसतात ती सीताफळाची, तरवडाची आणि घाणेरीची झुडपं, कारण शेळी त्यांना तोंड लावत नाही. बोर, हिवर आणि बाभळीची रोपटी मात्र वीतभरच राहतात. शेंडा फुटला की खुडला जातो. ‘शेळीनं डोंगर खाल्ला’ म्हणतात ते यावरूनच, आणि मग चराईबंदीचा ठराव होतो. ठराव चुकीचा नाही, पण तो अर्धा आहे.

इथली शेळी उस्मानाबादी. काळीभोर, काटक आणि बहुधा जुळी देणारी. दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर. अर्धा लिटर आणि दीड लिटर यांतलं अंतर जातीइतकंच चाऱ्याचंही आहे. उन्हाळ्यातल्या वाळक्या डोंगरी गवतात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात. चाऱ्यातली प्रथिनं सातेक टक्क्यांखाली गेली की पोटातले गवत पचवणारे सूक्ष्मजीव उपाशी राहतात, मग समोर गवत असूनही शेळी ते कमी खाते आणि आटते. सुबाभूळ आणि शेवरीच्या पाल्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिनं असतात. वाळक्या गवताला रोज किलोभर ओल्या पाल्याची जोड मिळाली तर तेच गवत अंगी लागतं. सुबाभळीत मायमोसीन हे विषारी द्रव्य असतं, म्हणून ती एकूण चाऱ्याच्या एकतृतीयांशाहून जास्त नसावी, एवढं पथ्य पाळलं की झालं. शेळी मुळात पाला ओरबाडणारं जनावर आहे. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती फांदी खाली ओढते. तिच्यासाठी झाडोरा नसलेलं कुरण अपुरंच.

शेळीचं दूध डेअरीच्या काट्यावर फारसं चढत नाही. आधी करडं पितात, उरलेलं घरच्या चहाला आणि लेकराच्या वाटीत जातं. देशात २०१९ च्या पशुगणनेत जवळपास १५ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांतल्या एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. तरी देशाच्या दुधात शेळीचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच दिसतो. दुधाचा हिशेब मांडला जात नाही म्हणून त्याचं नुकसानही दिसत नाही. आई आटली की जुळ्यांतलं एक करडू हातचं जातं आणि दुसरं बाजारात हलकं भरतं. हा तोटा ज्यांच्या पदरी पडतो त्यांच्याकडे बहुतेक वेळा शेतही नसतं. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीनंतर घरची धडधाकट माणसं कारखान्यांवर जातात, मागे राहतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. दवाखान्याची वेळ आली की शेळी विकून पैसा उभा राहतो. शेळी नसेल तर मुकादमाची उचल वाढते.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं चराईबंदीचं फळ दाखवून दिलं आहे. उतारावर गवत आलं, पाणी मुरलं. पण गवत कापून आणून गोठ्यात घालायचा तिथला मार्ग गाई-म्हशीवाल्याला जेवढा सोयीचा, तेवढा दोन-चार शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन बाईला नाही. तिच्यासाठी बंदीला लागवडीची जोड हवी. गायरानाचे चार पट्टे पाडावेत. खाली मारवेल, पवन्या आणि स्टायलो, वर शेवरी, सुबाभूळ, अंजन, बोर, हिवर आणि बाभूळ. रोपं शेळीच्या तोंडाच्या वर जाईतो, म्हणजे दोन-तीन वर्षं पट्टा बंद ठेवावा, पण पाला-गवत कापून न्यायला मोकळीक असावी. मग पाळीपाळीनं एकेक पट्टा उघडावा. बाभळीच्या बियांची अडचण नाही. शेळ्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना बिया बाहेर टाकतात. सकाळी त्या वाड्यात वेचाव्यात, या बिया चांगल्या रुजतात. लागवडीच्या हंगामात, जून-जुलैत, ऊसतोडीची माणसं गावातच असतात. ज्या राज्यानं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्याला हे काम मजुरी देऊन करून घेणं जड नाही.

सरकार दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट अनुदानावर देतं. हा गट काय खाणार, हे आधी ठरलं पाहिजे. ज्या गावाला शेळ्या मिळतील, तिथं आदल्या पावसाळ्यातच चाराझाडांची लागवड झालेली असावी. चराईबंदीचा ठराव ज्या ग्रामसभेत होईल, त्याच सभेत पट्टे कधी उघडायचे हेही ठरावं आणि ते शेळ्या राखणाऱ्या बायांना विचारून ठरावं. डोंगराची राखण आणि शेळीचं दूध यांत एकाची निवड करण्याची वेळ गावावर येऊ नये. झाडं लावली तर दोन्ही साधतात, आणि ती लावून देणं ही सरकारची व पंचायतीची जबाबदारी आहे.