गाडी विकली, पण नाव कुणाचं?

मंडळी, परवा रात्री मोबाईल वाजला. ई-चलान. एक्स्प्रेस वेवर ओव्हरस्पीडिंग. गाडी माझी. म्हणजे माझी होती. तीन वर्षांपूर्वी विकली, पैसे घेतले, चावी दिली, पेढाही खाल्ला. पण सरकारदरबारी मालक अजून मीच!

गाडी 2002 ची होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटर इंजिन, शंभरावर हॉर्सपॉवर. आपल्या पोरांसाठी परवडणारी जपानी स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. मी अलॉय टाकले, स्प्रिंग बदलून गाडी जरा खाली बसवली, सायलेन्सर मोकळा केला. जाहिरातीत लिहिलं, 'थोडी मॉडिफाय, शौकिनांसाठी'. गिऱ्हाईक पुण्याचं मिळालं. मध्यस्थ म्हणाला, "29-30 वर सह्या द्या साहेब, बाकी आम्ही बघतो." आणि दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा मी पत्रकार, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळा झालो.

हा फॉर्म कोरा का ठेवतात? कारण गाडी पुढच्याला विकायची असते. ज्याला शेवटी नाव लावायचंय त्याचं नाव भरायचं. मधल्या सगळ्यांची फी वाचते, आणि जोखीम मात्र पहिल्या मालकाच्या डोक्यावर!

जोखीम म्हणजे फक्त चलान नव्हे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक खटला निकाली काढला. गाडी विकलेली, पुढे आणखी हातबदल झालेले, नोंद मात्र पहिल्याच मालकाची. 2009 मध्ये अपघात झाला, लेकरू गेलं. न्यायालय म्हणालं, नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच. भरपाईची जबाबदारीही त्याचीच. "मी तर विकली होती" हे चाललं नाही. आणि बरोबरच आहे. ज्या बापाचं लेकरू गेलं त्याने भरपाईसाठी चार गावांत खरेदीदार शोधत फिरायचं का?

आता मॉडिफाय गाडीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत. जुन्या गाडीला 15 वर्षांनंतर फेरनोंदणी लागते, तेव्हा तपासणीही होते. मग माझा मोकळा सायलेन्सर लावून तिथे जाणार कोण? गाडी तशीच फिरवणं सोपं. म्हणजे माझ्या हौसेनेच घेणाऱ्याला पळवाट दिली. मूळ सायलेन्सर माझ्या माळ्यावर गंजत पडलाय, तोही मी दिला नाही.

म्हणून भावांनो, शौक करा, विका, चांगला भाव घ्या. पण काय काय बदललंय ते कागदावर लिहून द्या. मूळ पार्ट सोबत द्या, जमलं तर लावूनच द्या. कोऱ्या फॉर्मवर सही नको. राज्यातल्या राज्यात विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी आहे, मध्यस्थाची नाही. आणि नाव चढेपर्यंत थोडे पैसे अडवून ठेवा. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू द्या.

सोमवारी मी विक्रीची पावती घेऊन आरटीओत चाललोय. तीन वर्षं उशिरा, पण चाललोय.

तुमच्या नावावर दुसऱ्याच कुणाच्या हातात किती गाड्या पळताहेत? आज रात्रीच तपासा.